अण्णांच्या फियाटचं कूलंट

"लाल की हिरवं?" अण्णांनी विचारलं.

जेवणाच्या टेबलावर, वांग्याच्या भाजीच्या पातेल्याशेजारी, कूलंटचे दोन डबे उभे होते. एकातलं पाणी रूहअफजासारखं लाल, दुसऱ्यातलं पोपटी हिरवं. येसू मिस्त्री दारात चपला काढून उभा होता आणि वांग्याकडे बघत होता.

"मला विचारताय?" मी म्हणालो.

"मग कुणाला? हा येसू म्हणतो, दोन्ही चालतात. दोन्ही चालतात असं म्हणणाऱ्याला एकातलंही कळत नसतं."

"व्हय साहेब," येसू म्हणाला.

"तू चौकशी कर, वाच आणि सांग. तू ठरवशील ते."

मी हातातला घास ताटात ठेवला. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, साताऱ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि इथल्या दैनिकात दर शनिवारी लोकांना हसवणारा एक मजकूर लिहीत होतो. पण त्या एक्केचाळीस वर्षांत 'तू ठरवशील ते' हे वाक्य घरात माझ्या वाट्याला आलं नव्हतं. सायन्सला जायचं हे अण्णांनी ठरवलं. मी तिथे नापास झाल्यावर आर्ट्सला जायचं हेही त्यांनीच ठरवलं. माझ्या लग्नात फेट्याचा रंग माझ्या संमतीने ठरला होता, पण तो कळवला मला फोटोग्राफरने.

अण्णा, म्हणजे आनंदराव भोईटे, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. धरणांचे दरवाजे हा त्यांचा विषय. एकोणऐंशी सालची पांढरी फियाट त्यांनी नवी घेतली होती आणि तेव्हापासून तिचा नट न् नट स्वतः खोलून परत बसवला होता. येसू मिस्त्रीला ते बोलवायचे ते फक्त जॅक धरायला. इतकी वर्षं गाडीच्या रेडिएटरमध्ये नळाचं पाणी होतं. धरणाच्या माणसाने पाणी विकत घ्यायचं, हे त्यांना पटत नव्हतं. त्या पाण्याने अखेर रेडिएटर आतून खाल्ला. दिवाळीनंतर येसूने नवी पितळी जाळी बसवून आणली आणि हात जोडून सांगितलं, की साहेब, यात तरी साधं पाणी ओतू नका.

त्या पंधरवड्यात बायको आणि मुलगी फलटणला माहेरी होत्या, त्यामुळे मला कुणी थांबवणारंही नव्हतं. मी तीन दिवस कूलंट या विषयाचा जितका अभ्यास केला तितका पीएच.डी.चाही केला नव्हता. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमना गाठलं. राधिका रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तासभर डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "लाल न्या साहेब, महाग आहे." महाग का आहे असं विचारल्यावर म्हणाला, "लाल आहे म्हणून."

मग मी फुलस्केपवर टिपण तयार केलं आणि बुधवारी संध्याकाळी अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत माझ्या हातात दिला.

"वाचून दाखव."

मी वाचलं. लाल कूलंट नव्या, अॅल्युमिनियमच्या इंजिनांसाठी. ते जास्त दिवस टिकतं, पण जुन्या गाडीच्या तांब्या-पितळेला आणि जाळी सांधणाऱ्या शिशाच्या झाळीला ते सोसेलच असं नाही. आपल्या गाडीला जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं हिरवं योग्य. ते दर दोन वर्षांनी बदलायचं. अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं पाणी, नळाचं एक थेंबही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन रंग कधीही एकत्र करायचे नाहीत. आत चिखल होतो.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. खात्यात असताना टेंडर ऐकायचे तसे.

"हिरवं," ते म्हणाले.

"हिरवं," मी म्हणालो.

"ठीक आहे. हिरवं."

त्या रात्री मला झोप लागली नाही हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतोय.

गुरुवारी सकाळी, इंजिन थंड असताना, येसूने रेडिएटर तीनदा धुतला. मी पाणी आणि कूलंट मापाने मोजून ओतलं. शेवटी अण्णा म्हणाले, "झाकण तू लाव." मी ते लावलं, उघडलं आणि परत लावलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"झालं का मनासारखं?" तिने मला विचारलं.

"झालं की."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी येसू ब्रेक आवळून आणतो म्हणून गाडी घेऊन गेला आणि दुपारी आणून लावली. गाडीला ब्रेक लागत नव्हते अशी कुणाची तक्रार नव्हती, पण मिस्त्री लोक आपणहून काही आवळतात म्हटल्यावर आपण कशाला अडवायचं.

रविवारी यवतेश्वर. अण्णांचा हा नेम निवृत्तीपासूनचा. सकाळी आठला खटावकर वकिलांना घरून उचलायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर झाडाखाली बसून पिठलं-भाकरी खायची, सरकारला शिव्या द्यायच्या आणि बाराच्या आत खाली यायचं. खटावकरांनी दिवाणी कोर्टात चाळीस वर्षं तारखा घेतल्या होत्या. निवृत्त झाल्यावर तारखा थांबल्या, पण उलटतपासणी चालूच राहिली. त्या रविवारी अण्णा मला म्हणाले, "तूही चल." हे दुसरं वाक्य, जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पुढची सीट वकिलांची. मी मागे बसलो.

"काय भोईटे," वकील दार आपटत म्हणाले, "आज गाडीत चिरंजीवांचं पाणी आहे म्हणे."

"पाणी नाही, कूलंट," अण्णा म्हणाले. "जयसिंगने निवडलंय. तीन दिवस अभ्यास करून. सिलिकेट असतं त्यात."

"ते काय असतं?"

"जयसिंगला विचारा."

मी खिडकीतून बाहेर बघू लागलो. माझ्यासमोर, माझ्याविषयी, तिसऱ्या माणसाला अण्णा चांगलं बोलत होते. अशा वेळी चेहऱ्याचं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

समर्थ मंदिराचा चढ गाडी सरळ चढून गेली. घाटात तिसऱ्या वळणावर वकिलांनी नाक वर केलं.

"भोईटे, वास येतोय."

"कसला?"

"पिठल्याचा. अजून वर पोचलो नाही, आणि वास आत्ताच."

"वरून येत असेल."

"वारा खालून आहे." वकिलांनी चष्मा सरळ करून समोर पाहिलं. "अहो, काटा बघा की तुमचा. पार उजवीकडे जाऊन बसलाय."

"काटा बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

"लाल पट्ट्याच्याही पलीकडे गेलाय!"

"वकील, गाडी मी चालवतोय."

पुढच्या वळणावर बॉनेटखालून वाफ आली. आधी थोडी, मग एकदम इतकी, की समोरची काच पांढरी झाली. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती डाव्या कठड्यापासून वीतभर अंतरावर. कठड्यापलीकडे सातारा शहर होतं, बरंच खाली.

वकील सावकाश उतरले, कठड्याशी गेले, खाली बघितलं आणि परत आले.

"सिलिकेट," ते म्हणाले.

अर्ध्या तासाने वाफ निवली. मी खिशातला रुमाल गुंडाळून झाकण उघडलं. आत हिरवं पाणी नव्हतं. आत पिवळट, तपकिरी, दाट असं काहीतरी बुडबुडत होतं. रुमालावर उडालं, अण्णांच्या हातावर उडालं. अण्णांनी त्यातलं थोडं बोटावर घेतलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं.

"चिखल झालाय," मी म्हणालो. "म्हणजे... दोन रंग एकत्र केल्यावर होतो तसा. पण आपण तर—"

"तूच भरलंस ना?"

"हो."

"झाकण तूच लावलंस."

"हो, पण अण्णा—"

"असू दे," अण्णा म्हणाले.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला सवय होती. 'असू दे' मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं, माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी.

येसूने जीप आणून गाडी ओढत खाली नेली. रेडिएटरची नवी जाळी बुजली होती. इंजिनाचं हेडही तापून वाकलं होतं. खटावकर वकिलांनी सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या साताऱ्याला निकाल कळवला होता. मंगळवारी स्टाफरूममध्ये माझ्या चहाकडे बघून कुणीतरी विचारलं, "सर, लाल की हिरवा?" बुधवारी वर्गात फळ्यावर हिरव्या खडूने लिहिलं होतं, 'भोईटे सर उकळले'. त्यातलं अक्षर चांगलं होतं.

ते मला चाललं असतं. दुसऱ्यांना हसवून पोट भरणाऱ्याने आठवडाभर हसं करून घ्यायला हरकत नसावी. पण मंगळवारी सकाळी गीझर बंद पडला तेव्हा अण्णांनी शेजारच्या पेंटरला हाक मारली. मी मधल्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. ते माझ्या समोरून चालत गेले आणि पेंटरला म्हणाले, "जरा फ्यूज बघता का?" तीन दिवस मी या घरात ठरवणारा माणूस होतो. आता मी पेंटरच्याही खाली गेलो होतो.

बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर मी माझे कपडे धुवायला घेतले. त्यात तो रुमाल होता. पिवळे डाग वाळून कडक झाले होते. मी त्यावर साबणाची वडी घासली.

डाग लाल झाला.

कुंकवासारखा लालभडक. मी दुसऱ्या डागावर साबण लावला, तोही लाल झाला. मी विज्ञानात नापास झालेला माणूस असलो तरी लहानपणापासून शर्टावर आमटी सांडत आलोय. साबण लागल्यावर लाल होणारा पिवळा डाग जगात एकाच गोष्टीचा असतो, आणि ती गोष्ट कुठल्याच कूलंटच्या डब्यात नसते.

गुरुवारी कॉलेज बुडवून मी गोडोलीला येसूच्या गॅरेजवर गेलो. तो एका टेम्पोच्या खाली होता.

"येसू, बाहेर ये."

"काय प्रोफेसर?"

"रेडिएटरमध्ये हळद कुणी टाकली?"

टेम्पोखालून आधी चपला आल्या. मग येसू आला.

"कसली हळद?"

मी रुमाल त्याच्यापुढे धरला. त्याने तो बघितला, पाना खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"तुमी साबण कशाला लावलाव?"

"रुमाल धुवायला!"

"बाईमानसं धुत्यात की घरात."

"किती टाकलीस?"

"अर्धा किलो."

"बारीक गळती थांबवायला चिमूटभर टाकतात, हे मलाही माहितीये."

"गळती थांबवायची न्हवती न्हवं," येसू म्हणाला. "आणि वर लाल डबा बी वतला. तुमच्याच कागदात हुतं, दोन रंग एक केलं की चिखल हुतो. म्हटलं शिकल्याल्या मानसाचं ऐकावं."

मी टेम्पोच्या बंपरवर बसलो. "कुणी सांगितलं तुला?"

"ते इचारू नका."

"येसू."

"अर्धा किलो हळद एकदम कुनाच्या घरात असती प्रोफेसर? आमच्यात पावशेर आनत्यात, ती बी संपायच्या आत वास जातो तिचा." त्याने हात चिंधीला पुसले. "म्या आदी म्हनलो, बाईसाहेब, वायर काढतो. त्या म्हनल्या, पाच मिनिटांत शोधतील. म्हनलो, पंपात कायतरी करतो. त्या म्हनल्या, ते बी शोधतील. मग त्या म्हनल्या, गाडीतलं असं काय हाय का, जे त्यांनी दुसऱ्यावर सोडलंय? म्हटलं, हाय. एकच हाय."

घरी आलो तेव्हा आई ओट्याशी मेथी निवडत होती. अण्णा पेन्शनरांच्या बैठकीला गेले होते, पायी. मी रुमाल ओट्यावर ठेवला. तिने बघितला आणि जुडीची दुसरी काडी उचलली.

"सांगलीची हळद होती," ती म्हणाली. "वर्षाची."

"आई, घाटात गेलो होतो आम्ही! कठड्यापासून एवढंसं अंतर होतं!"

"येसू म्हणाला होता, गाडी समर्थ मंदिराच्या चढालाच बसेल."

"बसली नाही."

"माहितीये मला. तुम्ही परत येईपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही." तिने काडी टाकली. "तू पण गेलायस, हे तुम्ही गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. दर रविवारी तू झोपलेला असतोस ना."

मी रुमालाची घडी घातली.

"मागच्या महिन्यात आम्ही कासच्या रस्त्याने येत होतो," आई म्हणाली. "समोरून एसटी आली. जयसिंग, एसटी. लाल. घराएवढी. मी ओरडले तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, ओरडतेस काय, बघितलीये मी. मग दहा मिनिटं गप्प होते. आणि मग विचारलं, काय होतं गं ते?"

"मला सांगायचंस."

"तू काय केलं असतंस?"

"त्यांच्याशी बोललो असतो."

"तेच. चर्चा केली असतीस. या घरात चर्चा करून आजवर काय झालंय ते सांग. त्यांना गाडी सोडा म्हणणं म्हणजे, तुम्ही संपलात म्हणणं. मी नाही म्हणू शकत. तुलाही ते म्हणवलं नसतं."

"मग मलाही कटात घ्यायचंस. दोष माझ्यावरच का?"

आईने पहिल्यांदा हात थांबवले. ती मला समजावून सांगू लागली, लहानपणी वजाबाकी सांगायची तशी, हातचा कुठून घ्यायचा ते दाखवत.

"येसूचं नाव आलं असतं, तर तुझ्या अण्णांनी गावभर सांगून त्याचं गॅरेज बंद पाडलं असतं. त्याला दोन मुली आहेत. माझं नाव आलं असतं, तर या वयात ते माझ्या हातचं जेवले नसते. तुझं काय जाणार होतं? तू मुलगा आहेस."

"त्यांनी पहिल्यांदा काहीतरी माझ्यावर सोपवलं होतं, आई."

"म्हणून तर," आई म्हणाली.

ती परत मेथीकडे वळली. मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने तिने वर न बघता विचारलं, "सांगणार आहेस त्यांना?"

"हो."

"सांग. रेडिएटर साफ होईल, हेड घासून मिळेल. पुढच्या महिन्यात परत घाट. तू पुढे बस म्हणजे झालं, एसटी आली की सांगता येईल."

मी शुक्रवारी सांगितलं नाही. शनिवारीही नाही. शनिवारच्या मजकुरात मी नगरपालिकेची टिंगल केली आणि ती फारच वाईट जमली. रविवारी सकाळी उठलो तो ठरवूनच, की सांगायचं. आईचं काय व्हायचं ते होवो, येसूचं होवो. एका माणसाने एकदा माझ्यावर भरवसा ठेवला होता आणि मी तो मोडला नव्हता, एवढं एक वाक्य मला त्याच्या कानावर घालायचं होतं.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसले होते. खटावकरांचा जावई पुण्याहून आला होता आणि त्याची नवी गाडी, ड्रायव्हरसकट, आज यवतेश्वरला जाणार होती. अंगणात फियाटवर मेणकापड घातलेलं होतं. फलटणचा कुणीतरी ती भंगाराच्या वर थोडं देऊन नेणार होता.

"अण्णा, ते कूलंट," मी म्हणालो.

"बरोबर होतं."

मी जे पाठ केलं होतं त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"हिरवंच बरोबर," अण्णा म्हणाले. "पितळी जाळी, जुनी झाळ. तुझं टिपण चांगलं होतं. आत हळद होती."

"तुम्हाला माहितीये?"

"घाटात वास आला. घरी येऊन हात धुतले, तर बेसिन लाल. सदतीस वर्षं मी धरणांच्या दरवाज्यांच्या गळत्या बंद केल्यात जयसिंग. वॉचमन लोक हळद टाकून मला फसवायला बघायचे. मी ती ओळखणार नाही?"

"कुणी टाकली तेही?"

"अर्धा किलो हळद आणखी कुणाच्या डब्यात असते?"

"मग आठवडाभर तुम्ही मला... स्टाफरूममध्ये, वर्गात, शेजारचा तो पेंटर..."

"तुझ्या आईला विचारायचं होतं का मी?" अण्णा शांतपणे म्हणाले. "तिने खरं सांगितलं असतं. मग ते मला ऐकावं लागलं असतं. इंजिन गेलं म्हणून गाडी विकली, हे कुणालाही सांगता येतं. डोळे गेले म्हणून विकली, हे वकिलाला सांगू? तो पहिल्या वळणावर माझा हात धरून मला चालवेल. तुझ्यावर बसलं ते बरं बसलं."

आईने काही न सांगता आणि अण्णांनी काही न विचारता, दोघांनी मिळून माझ्यावर एकमत केलं होतं. त्यांच्या सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मला आठवणारं हे एकमेव एकमत.

"हरकत नाही," मी म्हणालो. मला खरंच वाटलं की हरकत नाही. कारण एक गोष्ट शिल्लक होती. "तुम्हाला कळलं ना, एवढं बास. तुम्ही भरवसा टाकून मला ते काम दिलंत आणि मी ते—"

"कसला भरवसा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या डावीकडे, खांबाकडे पाहिलं.

"डब्यावरचं मला वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "हातभर लांब धरलं तरी नाही. येसूला वाच म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं. म्हणून तुला दिलं. नाहीतर तुला कशाला विचारलं असतं?"

फाटकाशी हॉर्न वाजला. नवी, चकचकीत, राखाडी गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या खिडकीतून खटावकर वकील हात हलवत होते.

"चला भोईटे! पिठलं गार होतंय." मग त्यांना मी दिसलो. "काय प्रोफेसर! कबूल केलंत की नाही अजून? की पुढची तारीख हवी?"

अण्णा उठून फाटकापर्यंत गेले होते. ते तिथेच थांबले. वळले नाहीत. पण त्यांची मान थोडी तिरकी झाली, ऐकायला.

आई आतून दारापर्यंत आली होती. तीही थांबली.

माझ्याजवळ रसायनशास्त्राच्या मॅडम होत्या, फुलस्केपचं टिपण होतं, लाल डागाचा रुमाल होता आणि खऱ्या आरोपींनी स्वतः दिलेली कबुली होती. खटावकरांनी चाळीस वर्षांत इतकी पक्की केस पाहिली नसेल.

"माझंच चुकलं, वकीलसाहेब," मी म्हणालो. "लाल घ्यायला हवं होतं."

"बघा," अण्णा म्हणाले. "आता कळलं त्याला."

वकील हसले. आई आत गेली. अण्णा गाडीपाशी पोचले आणि तिच्या दारावरून हात फिरवत हँडल शोधू लागले. आधी काचेवर, मग खाली, मग परत वर. ड्रायव्हर पुढे बघत होता. वकील अजून हसतच होते, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. मी चार पावलांवर होतो.

तिसऱ्या प्रयत्नात त्यांना ते सापडलं. मी जागचा हललो नव्हतो.